वीस लिटरच्या दहा पिशव्या

लसणाच्या वाफ्यात पिलसुन बुडाला गोल गादी बांधून बसली होती. एका ओळीचं तण काढून झालं की बसल्या बसल्या पुढे सरकायचं, गादी आपोआप मागून येते. म्हातारपणी एवढंच काय ते आपल्या मागे मागे येतं, असं ती थट्टेनं म्हणायची. तेवढ्यात एप्रनच्या खिशात फोन वाजला. नंबर राजधानीचा, सोलचा होता, पण तिथे राहणाऱ्या मुलाचा नव्हता.

"क्वाक पिलसुन आजी का?"

"माझ्याकडे पैसे नाहीत," पिलसुननं एका दमात सांगून टाकलं. "माझ्या मुलाला अपघात झालेला नाही, पोलिसांनी त्याला धरलेलं नाही आणि बँकेचा नंबर मला पाठ नाही. ठेव फोन."

"आजी, मी चोर नाही हो! विभाग कार्यालयातून बोलतोय. कचरा खात्यातून. ब्योन माझं नाव."

"मग तर तुझं चुकलंच. मी इथे हेनामात, देशाच्या पार शेपटाला. माझा कचरा तुझ्या दारात कसा येईल?"

"तेच विचारायला फोन केलाय, आजी."

पोरगा आवाजावरून तिशीतला वाटत होता. अदबीनं बोलत होता. त्यांच्या विभागात एका गल्लीत कुणीतरी काळ्या पिशवीत कचरा टाकून गेलं होतं. कचऱ्यासाठी कार्यालयाची नाव छापलेली पिशवी विकत घ्यावी लागते, ती नाही, साधी काळी. अशी पिशवी सापडली की ते ती उघडतात आणि आत नाव-पत्ता शोधतात. लोक हुशार झालेत, खोक्यावरचा पत्ता सोलून काढतात, औषधाच्या पुडीवरचं नावही खरवडतात. याही खोक्यावरचा कागद सोललेला होता. पण आत, पिशवीच्या आतल्या पिशवीत, एक चिकटपट्टी निघाली. तिच्यावर हातानं लिहिलेलं नाव आणि हा फोन नंबर.

पिलसुनच्या हातातलं खुरपं मातीत तसंच उभं राहिलं.

"काय काय होतं त्यात?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला. "कोबीची आंबवलेली किमची, चौदा किलो. गाठ न सोडलेली. तिळाचं तेल, दोन हिरव्या बाटल्या, झाकण न उघडलेलं. सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, एक बरणी. मुळ्याची वाळवलेली पानं, एक जुडी." कागद मिटल्याचा आवाज झाला. "आजी, इकडे तुमचं कोण राहतं? नाव सांगा, दंड त्यांच्या नावावर लावतो. मग तुमचा काही संबंध राहणार नाही."

"माझा संबंध राहणार नाही," पिलसुन त्याच्या मागोमाग म्हणाली, जणू शाळेत बाई सांगतात आणि आपण म्हणतो. मग म्हणाली, "कुणाला फोन करू नकोस. मीच येते."

*

त्या चिकटपट्टीची हकीकत अशी. चार वर्षांपूर्वी तिचं एक खोकं वाटेत फुटलं होतं. लाल पाणी गळू लागलं, पत्ता भिजून गेला आणि कुरियरवाल्यांनी ते कुणाचं ते कळेना म्हणून फेकून दिलं. तेव्हापासून ती आत एक पट्टी लावायची. त्याच वर्षी गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांची शाळा सुरू झाली होती आणि पिलसुन वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पेन्सिल धरायला शिकली होती. आधी स्वतःचं नाव आलं, मग मुलाचं, इनचोलचं. मग हळूहळू पट्टी लांबत गेली. "क्वाक पिलसुन, इनचोलची आई. वरच्या किमचीत कालवं आहेत, आधी ती खा. खालची उन्हाळ्यापर्यंत टिकेल. तेल आपल्या तिळाचं आहे." दोन पिशव्यांच्या मधोमध ती ती पट्टी चिकटवायची आणि मग वर लाल सुतळीची दुहेरी गाठ मारायची. किमची बाहेर काढायची तर ती वाचावीच लागेल, अशी जागा निवडायची. आयुष्यात तिनं कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. हेच तिचं पत्र.

आणि दरवर्षी उत्तरही यायचं. नोव्हेंबरात पार्सल पोचलं की त्याच दुपारी सुनेचा फोन. "आई, काय सुंदर झालंय! आरिन तर नुसती चाटूनपुसून खाते." आरिन ही नात, आता सात वर्षांची. सुनेचं नाव जुयोन, पण पिलसुन तिला आरिनची आई म्हणूनच हाक मारायची. गावातल्या बायका या फोनवर जळायच्या. शेजारच्या वांदोवालीची सून तर किमचीच्या नावानं शिंकायची म्हणे. पिलसुनला गावात सगळे कांगजिनवाली म्हणत, ती कांगजिनहून लग्न होऊन आली म्हणून. "कांगजिनवाले, तुझ्या सुनेच्या तोंडात साखर आहे गं," असं वांदोवाली म्हणायची, आणि पिलसुन तोंड फिरवून हसू लपवायची.

इनचोलनंही गेल्या वर्षी फोनवर सांगितलं होतं, "आई, आमच्या इमारतीत उष्टं-खरकटं मशिनमध्ये टाकतात. मशिन वजन करतं आणि महिन्याच्या बिलात घरटी आकडा येतो. बिल मी भरतो ना, म्हणून मला कळतं. आमचा आकडा अख्ख्या मजल्यावर सगळ्यात कमी. तुझं काहीच वाया जात नाही बघ."

हे वाक्य तिनं कापडात बांधल्यासारखं जपून ठेवलं होतं.

*

सोलला पोचायला बसनं पाच तास लागतात. पिलसुननं लग्नकार्याचं जांभळं जाकीट घातलं होतं. मुलाला कळवलं नव्हतं. वांदोवालीला सांगितलं, "पोराकडे जाऊन येते." वांदोवाली म्हणाली, "रिकाम्या हातानं? तू?" पिलसुन बसथांब्याकडे चालू लागली.

ब्योनच्या टेबलावर दोन कुंड्या आणि कागदांचा ढीग होता. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

फोटोत तिची गाठ होती. लाल सुतळी, दुहेरी वेढा, टोकं आत खोचलेली. नवऱ्यानं शिकवलेली गाठ. तो समुद्रात शेवाळाच्या जाळ्या बांधायचा, तेव्हा अशीच मारायचा. लाटेनंही सुटायची नाही. आता ती सुटली नव्हतीच. कचरा खात्यानं कात्रीनं पिशवी कापली होती, गाठीच्या शेजारून. पिशवी फुगून टम्म झाली होती. नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत गॅलरीच्या कोपऱ्यात बसून आतल्या आत आंबली होती बिचारी, बाहेर कुणी घेत नाही म्हणून.

पुढच्या फोटोत तिची पट्टी होती. शाळेतल्या बाईंनी "नीट काढ" म्हणावं, तशी तिची अक्षरं, मोठीमोठी, एकमेकांपासून लांब उभी.

"तू वाचलंस?" तिनं विचारलं.

"वाचावं लागतं, आजी. कामच ते."

"सगळं?"

"कालवांचंसुद्धा," ब्योन म्हणाला आणि त्यानं डोळे खाली घातले. "वास फार छान सुटला होता. आम्ही सगळे त्या दिवशी लवकर जेवायला गेलो."

चार वर्षं तिनं लिहिलं, आणि वाचलं ते या परक्या पोरानं, हातात रबरी मोजे घालून.

"मीच टाकलं," पिलसुन म्हणाली.

ब्योननं आणखी एक फोटो उघडला. गल्लीतल्या कॅमेऱ्याचा. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातगाडीवर काळी पिशवी. चाळिशीची बाई. खांदे जुयोनचे. ते खांदे पिलसुननं लग्नात आपल्या हातानं सावरले होते.

"ही तुम्ही?"

"तुमच्या सोलच्या कॅमेऱ्यात माणूस तरुण दिसतो. आमच्या गावी बसव की एक. सगळ्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या राहतील."

ब्योनला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. "आजी, हे सगळं वजनाच्या मशिनमध्ये टाकलं असतं ना, तर दोन हजार वॉनसुद्धा झाले नसते. एका कॉफीला त्याहून जास्त पडतात. आणि काळ्या पिशवीला दंड दोन लाख. कुणी असं का करेल, मला तेच कळत नाही."

पिलसुनला कळलं. तिथेच, त्या खुर्चीत. चौदा किलो मशिनमध्ये पडले असते, तर महिन्याच्या बिलावर चौदा किलो उमटले असते, आणि बिल इनचोल वाचतो. दोन हजारांची बाब नव्हतीच ती. आकडा बोलला असता. आमचा आकडा सगळ्यात कमी, असं ज्या फुशारकीनं तो म्हणाला होता, ते सगळं या गल्लीतल्या काळ्या पिशव्यांवर उभं होतं. चार वर्षांच्या काळ्या पिशव्या. एकच सापडली.

नाव सांगितलं तर दंडाचं पत्र त्या घरी जाणार. इनचोल फोडणार. मग तो बायकोला विचारणार, बायको रडणार, आणि दोघं मिळून पिलसुनला फोन करतील. "आई, पाठवू नकोस आता." कुणी ओरडणार नाही. गोड बोलूनच सांगतील. मग नोव्हेंबर आला काय आणि गेला काय.

"खारट झालं होतं," पिलसुन म्हणाली. "म्हणून टाकलं. लिहून घे."

पन्नास वर्षांत तिच्या किमचीला कुणी खारट म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते तिनंच, सरकारी कागदावर.

ब्योननं जबाबाचा कागद पुढे केला. तिनं सही केली, अंगठा नव्हे, पूर्ण नाव. त्यानं ते नाव पडद्यावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. तीच अक्षरं, तशीच लांब उभी.

"अक्षर जुळतंय," तो हळूच म्हणाला. दंड तिच्या नावावर लावून त्यानं कागद फाइलीत ठेवला.

*

इनचोलची इमारत तिथून दोन वळणांवर होती. पिलसुन खालच्या बाकावर जाऊन बसली. चेरीची फुलं गळत होती आणि सफाईवाला ती झाडून मोठ्या पिशवीत भरत होता. फुलांनाही पिशवी लागत होती. कोपऱ्यात ते मशिन उभं होतं, पेटाऱ्याएवढं, चकचकीत. एक बाई खाली आली, तिनं कार्ड टेकवलं, झाकण आपोआप उघडलं, तिनं डबा उपडा केला. मशिननं गोड आवाजात सांगितलं, "सातशे वीस ग्रॅम. धन्यवाद."

पिलसुन वर पाहत राहिली. अकरावा मजला. गॅलरीत आरिनची लहानशी सायकल उलटी टांगलेली दिसत होती. तिच्या शेजारचा कोपरा रिकामा होता.

वर जावं, असं एकदा वाटलं. उठलीही. पण वर जाऊन काय म्हणायचं? जेवलात का म्हणायचं? आणि सुनेनं हसून "हो आई" म्हटलं, तर ते हसू बघायचं कुठल्या डोळ्यांनी?

ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

"कचऱ्याच्या पिशव्या दे. वीस लिटरच्या. दहा."

दुकानदारानं तिच्या बोलीवरून ओळखलं. "आजी, तुम्ही दक्षिणेकडच्या ना? या पिशव्या याच विभागात चालतात हं. यांवर विभागाचं नाव छापलंय. तुमच्या गावी नेल्या तर कुणी उचलणार नाही."

"गावी उचलायला काय आहे?" पिलसुन म्हणाली. "इथंच लागतील त्या."

दहा पिशव्यांची घडी तिनं जाकिटाच्या आत, पोटाशी धरली. परतीच्या बसमध्ये पाच तास ती घडी तिथेच होती.

*

नोव्हेंबरात थंडी उतरली आणि हेनामची शेतं कोबीनं गच्च भरली. पिलसुनच्या अंगणात पाच जणी जमल्या. अर्धे कापलेले कोबी मिठाच्या पाण्यात रात्रभर पडून मऊ झाले होते, पाटावर पाणी निथळत होतं. लाल वाटणाच्या परातीभोवती गुडघे टेकून सगळ्या बसल्या. तिखट, लसूण, मुळा, मासळीचं पाणी, कालवं. हात कोपरापर्यंत लाल. वांदोवाली पानापानात वाटण भरत गात होती, दरवर्षी गाते तसं:

*पानापानांत गं मीठ, मीठ मुरे रातभर,*
*दूर लेकाच्या ताटात, माझं नाव घासभर.*

बाकीच्यांनी दुसरी ओळ उचलली. पिलसुन नुसतीच पानं भरत राहिली.

"काय गं कांगजिनवाले, घसा बसला?"

"तिखट गेलं."

"यंदा किती पाठवणार आहेस?"

"दरवर्षीइतकं."

"तुझं बरंय बाई. तुझी सून फोन तरी करते. माझी विचारते, आई, याचं खोकं फ्रिजमध्ये मावत नाही, काय करू? मी म्हटलं, डोक्यावर ठेव!"

सगळ्या खिदळल्या. पिलसुनही हसली.

पार्सल तिनं एकटीनं बांधलं, बायका गेल्यावर. दोन पिशव्या, मध्ये हवा राहणार नाही असं दाबून, वर लाल सुतळी, दुहेरी गाठ. पट्टी सवयीनं लिहून झाली होती. ती चिकटवायला हात पुढे गेला आणि थांबला. यंदा नाव आत नको. उद्या ही पिशवी गल्लीत पडली आणि कुणी कापली, तर आत कुणाचंच नाव सापडू नये. सुनेला त्रास नको. पट्टी तिनं एप्रनच्या खिशात टाकली.

मग कपाटातून पिशव्यांची घडी काढली. दहाच्या दहा. विभागाचं नाव छापलेल्या, कोऱ्या करकरीत. खोक्याचं झाकण उघडलं की पहिलं तेच दिसेल, अशा त्या सगळ्यात वर ठेवल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. हाताच्या तळव्यानं एकदा सारख्या केल्या आणि झाकण लावलं.

टाकायचंच असेल तर चोरून कशाला टाकायचं? मान वर करून टाकावं. आणि नाहीच टाकलं, झाकण उघडून या पिशव्या पाहिल्या आणि लाजून का होईना फोन केला, "आई, हे काय हो?" असं नुसतं विचारलं, तरी पिलसुन सगळं विसरायला तयार होती. शिव्या घातल्या असत्या तरी चालल्या असत्या. झाकण उघडल्याचा तो पुरावा झाला असता.

*

दोन दिवसांनी दुपारी सगळ्या जणी भांडी धुवायला पुन्हा जमल्या होत्या. परातींचा लाल रंग जाता जात नव्हता. पिलसुनच्या फोनवर संदेश आला, पार्सल पोचलं. ती पुसायचं फडकं हातात घेऊन बसून राहिली.

पंचवीस मिनिटांत फोन वाजला.

"आली गं साखर!" वांदोवाली ओरडली. "मोठ्यानं लाव, आम्हालाही ऐकू दे. आमच्या नशिबात नाही, कानात तरी पडू दे."

पिलसुननं आवाज मोठा केला.

"आई, पार्सल पोचलं हं! आत्ताच जेवलो. काय सुंदर झालंय यंदा! आरिननं तर नुसतं चाटूनपुसून खाल्लं."

बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

पिलसुननं फडक्याची घडी केली, परत उलगडली. "आणि सगळ्यात वर ठेवलं होतं ते?"

 पलीकडून तोच गोड आवाज, "तेही! अहो, तेच तर आधी संपलं."

"दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा, आई! आरिनच्या बाबांनीच निम्म्या संपवल्या. पुढच्या वेळी थोड्या जास्त पाठवा हं."

"पाठवीन," पिलसुन म्हणाली. "तब्येतीला जप, आरिनच्या आई. थंडी आहे."

फोन बंद झाला. वांदोवालीनं ओला हात पिलसुनच्या पाठीत घातला. "दहा काय गं? आम्हाला न सांगता काय केलंस, लबाडे?"

"तांदळाच्या वड्या."

"कधी केल्यास? आम्हाला एक नाही चाखवलीस! बघा गं, सून मागून घेते, जास्त पाठवा म्हणते. नशीब लागतं याला."

"लागतं," पिलसुन म्हणाली.

सगळ्या आपापल्या घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. एप्रन काढताना खिशात काहीतरी हाताला चिकटलं. ती पट्टी होती. "क्वाक पिलसुन, इनचोलची आई. वरच्या किमचीत कालवं आहेत, आधी ती खा." तिनं ती बोटानं एक-एक अक्षर धरून वाचली, शाळेत वाचतात तशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मोरीजवळच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

तिची पिशवी दहा लिटरची, हेनामची. दोन महिने झाले होते, अजून भरत नव्हती. तिनं तळव्यानं एकदा दाबून पाहिली. खाली बरीच जागा होती.